दहा धावांत दहा, आणि बाकीची दहा वर्षं

हात वर करा बघू, कांगा लीग कोण कोण खेळलंय? दोन... तीन. बरं. म्हणजे तुम्हा तिघांना आज मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं आधीच माहितीये. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मुंबईत ऐन पावसाळ्यात क्रिकेट खेळतात, पिच झाकत-बिकत नाहीत, पाऊस आला की आडोशाला पळायचं, थांबला की परत मैदानात. १९४८ साली ही लीग सुरू झाली आणि त्यामागे विचारच असा होता की आपल्या पोरांना इंग्लंडसारख्या ओल्या पिचवर खेळायची सवय व्हावी. मी जी डिव्हिजनमध्ये खेळायचो, म्हणजे सगळ्यात खालच्या. डावखुरा स्पिन टाकायचो. एका रविवारी सकाळी धो धो पाऊस झाला, मग अकराच्या सुमारास लख्ख ऊन पडलं आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासात माझ्या हातून असे बॉल पडले की आजही आठवलं की बोटं शिवशिवतात. टप्पा पडला की बॉल जरा अडकायचा, मातीचा एक छोटा तुकडा उडायचा, आणि बॉल बॅट्समनच्या हनुवटीपर्यंत यायचा. मला चार विकेट मिळाल्या. लाल चिखलाने माखलेली पँट घालून मी लोकलने घरी गेलो तो जणू वर्ल्ड कप जिंकल्यासारखा. पुढच्या रविवारी पिच कोरडं होतं, आठ ओव्हर टाकल्या, नुसता मार खाल्ला, विकेट शून्य.

आता प्रश्न असा की ते अर्ध्या तासाचं ऊन कधी येणार हे आपल्या हातात नसतं, तर मग त्याच्या भरवशावर माणूस पोट कसं भरेल? इंग्लंडमधल्या काउंटी क्रिकेटमध्ये, काउंटी म्हणजे तिकडचे जिल्हे, प्रत्येकाची आपापली टीम, अशी माणसं होती ज्यांनी हेच केलं, आठवड्याचे सहा दिवस, मे ते ऑगस्ट, वर्षानुवर्षं. मी आज त्यातल्या एकाबद्दल बोलणार आहे. हेडली व्हेरिटी. यॉर्कशायर.

नाव ऐकलेल्यांना एकच आकडा माहिती असतो, दहा धावांत दहा विकेट. तो आकडा मी सांगणारच आहे, सुटका नाही त्यातून, पण मला खरं तर त्या एका दिवसापेक्षा त्याच्या आजूबाजूची दहा वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

जन्म १८ मे १९०५, लीड्समधल्या हेडिंग्लीचा. म्हणजे ज्या मैदानावर पुढे त्याने इतिहास घडवला त्याच भागातला. वडील कोळशाच्या धंद्यात. यॉर्कशायरचा त्या काळी एक अलिखित पण लोखंडासारखा नियम होता, की यॉर्कशायरमध्ये जन्मलेला असेल तरच काउंटीकडून खेळेल, बाकी कितीही मोठा प्लेअर असू दे, दारात उभा करायचे नाहीत. तो नियम थेट १९९२ पर्यंत टिकला. तर जन्माची अट पूर्ण होती, पण त्याने काय होतंय, यॉर्कशायरमध्ये जन्मलेली पोरं हजारो होती.

सुरुवातीला तो स्पिनर नव्हताच हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डावखुरा मीडियम पेस टाकायचा. १९२७ ला लँकेशायर लीगमध्ये ॲक्रिंग्टनचा प्रोफेशनल झाला, तिथे काही फार जमलं नाही, मग मिडलटनला गेला. १९२८ मध्ये वॉरविकशायर काउंटीने त्याची ट्रायल घेतली आणि नको म्हणून परत पाठवलं. हे लक्षात ठेवा, वॉरविकशायर. याचा पुढे हिशोब होणार आहे.

आणि इथे तो वळला. अक्षरशः वळला. यॉर्कशायरचा कोच जॉर्ज हर्स्ट आणि इतरांच्या सल्ल्याने त्याने वेग कमी केला आणि स्पिन टाकायला लागला. म्हणजे तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी, ज्या वयात आपल्याकडे पोरगा रणजीत आला नाही तर घरचे बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून देतात, त्या वयात या माणसाने आपली बॉलिंग मुळापासून बदलली. का? कारण यॉर्कशायरमध्ये एक जागा रिकामी होणार होती, आणि ती साधी जागा नव्हती, ती गादी होती.

आपल्याकडे गाण्यात घराणं असतं ना, तसं यॉर्कशायरमध्ये डावखुऱ्या स्पिनचं घराणं होतं. आधी टेड पीट, मग बॉबी पील. हा पील १८९७ साली दारू पिऊन मैदानात उतरला म्हणून लॉर्ड हॉक या कॅप्टनने त्याला कायमचा घरी बसवला. पुढच्याच वर्षी, १८९८ ला, विल्फ्रेड ऱ्होड्स आला आणि तो जो बसला गादीवर तो १९३० पर्यंत हललाच नाही. बत्तीस वर्षं! फर्स्ट क्लास विकेट ४२०४, आजपर्यंत कोणी त्याच्या जवळपास गेलेलं नाही, आणि आता कोणी जाणं शक्यही नाही. बावन्नाव्या वर्षी तो रिटायर होत होता आणि त्याच्या जागी कोण हा सगळ्या काउंटीला पडलेला प्रश्न होता.

१९३० च्या मे महिन्यात व्हेरिटी पहिल्यांदा यॉर्कशायरकडून खेळला, हडर्सफील्डला, ससेक्सविरुद्ध. त्या सीझनमध्ये ऱ्होड्सही खेळत होता म्हणून याला मॅचेस कमीच मिळाल्या, तरी ६४ विकेट, ॲव्हरेज १२.४२, अख्ख्या देशात पहिला नंबर. ऱ्होड्स फार बोलणारा माणूस नव्हता. या पोराकडे बघून तो जे म्हणाला त्याचा आपल्या भाषेत अर्थ एवढाच, "चालेल हा." बस्स. आपल्याकडच्या जुन्या गवयांसारखंच, शागीर्द कितीही छान गायला तरी वाहवा नाही, मान किंचित हलली तर हलली.

आता तालीम कशी चालायची ते सांगतो, हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. दिवसभराची मॅच संपली की संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत एमट रॉबिन्सन आणि ऱ्होड्स हे दोन म्हातारे, व्हेरिटी आणि बिल बोज या दोन नव्या पोरांना घेऊन बसायचे. दाढीचा ब्रश, दात घासायचा ब्रश, साबणाची कांडी, केसांचा ब्रश, जे हाताला लागेल ते घेऊन फील्डिंग लावायची. हा दाढीचा ब्रश म्हणजे समजा स्लिप, हा कंगवा कव्हरला, आणि मग त्या दिवसाचा खेळ परत खेळायचा. अमक्याने तुला चौकार मारला तेव्हा तुझा हा ब्रश कुठे होता? दोन फूट इकडे का नव्हता? त्या बॉलला तू असा टप्पा टाकलास तर तो माणूस कुठे मारणार हे तुला आधी कळायला नको? विकेट किती मिळाल्या हा विषयच नाही, फुकट दिलेल्या चार धावा कुठून आल्या हा विषय. मला वाटतं व्हेरिटीची खरी बॉलिंग या खोल्यांमध्ये तयार झाली, मैदानावर ती फक्त दिसायची.

बरं, दिसायची कशी? उंच माणूस, हात एकदम वरून यायचा, छोटा सावकाश रनअप, आणि स्पिनरच्या मानाने वेग बराच जास्त. बॉल हवेत तरंगवून बॅट्समनला भुलवणं हा त्याचा मुख्य धंदा नव्हता. तो टप्प्याचा माणूस. एकाच जागी, एकाच जागी, एकाच जागी, आणि मग कधीतरी एक बॉल सरळ आणि जोरात. कोरड्या, सपाट पिचवर तो धावा द्यायचा नाही आणि ओल्या पिचवर जगू द्यायचा नाही. काउंटी बॉलरची व्याख्या माझ्या मते हीच आहे.

ते ओलं पिच म्हणजे काय ते एकदा नीट सांगू का? पाऊस पडून पिच नुसतं चिंब असतं तेव्हा काही होत नाही, बॉल घसरत येतो, उलट बॉलरलाच बॉल हातात धरवत नाही, भुसा लावून लावून टाकायचा. गंमत सुरू होते ती ऊन पडल्यावर. वरचा थर सुकायला लागतो, खालचं मऊच असतं, मग बॉल त्या पापुद्र्यात रुततो आणि तिथून कधी ताडकन उभा राहतो, कधी हातभर वळतो. तासभर चालतं, दोन तास चालतं, मग पूर्ण सुकलं की परत शांत. तेवढ्या वेळात बॉलरने काम उरकायचं. आणि इथे बरेच स्पिनर फसायचे, कारण पिच एवढं मदत करतंय म्हटल्यावर माणूस लोभी होतो, जास्तच वळवायला जातो, बॉल इतका वळतो की बॅटला लागतच नाही, बॅट्समन नुसता उभा राहून सुटतो. माझं त्या रविवारी निम्म्या बॉलना हेच झालं होतं. तिथे जरा वेगाने, स्टंपावर आणि बॅट्समनला खेळावंच लागेल असं टाकायचं असतं.

असो. १९३१. पहिला पूर्ण सीझन. १८ मे, म्हणजे वाढदिवस, सव्विसावा. मैदान हेडिंग्ली. समोर कोण? वॉरविकशायर. ३६ धावांत दहाच्या दहा विकेट. ट्रायलमध्ये नको म्हणालेल्या काउंटीला वाढदिवसाच्या दिवशी इतकं नीट उत्तर... कथेत लिहिलं तर संपादक म्हणेल जरा जास्तच झालं, काढून टाका. त्या सीझनला १८८ विकेट घेतल्या आणि इंग्लंडकडून पहिली टेस्टही खेळला.

आता तो दुसरा दिवस. मंगळवार, १२ जुलै १९३२. हेडिंग्लीच. समोर नॉटिंगहॅमशायर, आणि ही काही लिंबूटिंबू टीम नव्हती, लारवूड आणि व्होस हे इंग्लंडचे फास्ट बॉलर दोघंही तिच्यात. नॉट्सने पहिल्या डावात २३४ केल्या. यॉर्कशायर नऊ बाद १६३, आणि मध्ये वादळी पाऊस. मंगळवारी यॉर्कशायरचा कॅप्टन ब्रायन सेलर्स याने ७१ धावांनी मागे असताना डाव डिक्लेअर केला. मागे असताना! कारण काय, तर पिच सुकायला लागलं होतं आणि उरलेल्या एका विकेटच्या दहा-पंधरा धावांपेक्षा ती पंधरा मिनिटं जास्त मोलाची होती. मला हा निर्णय फार आवडतो, अगदी बाजारातल्या माणसाचा निर्णय आहे.

लंचला नॉट्स बिनबाद ३८. म्हणजे काहीच नाही. कीटन आणि शिपस्टन आरामात खेळतायत. लंचनंतर ४४ वर पहिली विकेट, ४७ वर दुसरी, ५१ वर तिसरी, तिसरा म्हणजे कॅप्टन आर्थर कार, शून्यावर. मग ६३ पर्यंत गेले आणि तिथे दुकान बंद झालं. वॉकर, हॅरिस, गन, लागोपाठ तीन बॉल, हॅटट्रिक. पुढच्या ओव्हरच्या शेवटच्या दोन बॉलवर आर्थर स्टेपल्स आणि लारवूड. त्याच्या पुढच्या ओव्हरच्या तिसऱ्या आणि चौथ्या बॉलवर व्होस आणि सॅम स्टेपल्स. ऑल आऊट ६७. शेवटच्या सात विकेट चार धावांत गेल्या. व्हेरिटी १९.४ ओव्हर, १६ मेडन, १० धावा, १० विकेट. फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये यापेक्षा स्वस्तात दहा विकेट कोणी घेतलेल्या नाहीत, आजपर्यंत. मग होम्स आणि सटक्लिफ यांनी बिनबाद १३९ करून मॅच जिंकून दिली, त्याच पिचवर, दहा विकेटने.

हे शेवटचं वाक्य लोक विसरतात. त्याच पिचवर, थोड्याच वेळाने, दोन माणसं १३९ करतात आणि एकही आऊट होत नाही. तोवर पिच सुकलं असणार हे खरं, पण दुसऱ्या बाजूनेही बघा. व्हेरिटी टाकत असताना समोरच्या टोकाने जॉर्ज मॅकॉले टाकत होता, २३ ओव्हर, ३४ धावा, विकेट शून्य. तेच पिच, तेच ऊन, तेच बॅट्समन, आणि मॅकॉलेही ओल्या पिचवरचा दादा माणूस होता, टेस्ट खेळलेला. स्कोअरकार्डात ती ओळ बघितली की मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. आणि त्यानेच तीन कॅच पण घेतले! तेवीस ओव्हर टाकायच्या, वर मित्राचे कॅच पकडायचे आणि इतिहासात नाव मित्राचं.

बरं, आता मुद्द्यावर येतो. १९३१ ते १९३९ या नऊ सीझनमध्ये व्हेरिटीच्या विकेट एकदाही दीडशेच्या खाली गेल्या नाहीत. १९३५ ला २११, १९३६ ला २१६, १९३७ ला २०२. आजच्या काळात काउंटीत एका सीझनमध्ये साठ विकेट घेतल्या की लोक डोक्यावर घेतात, अर्थात मॅचेस पण कमी झाल्यात आणि १९८१ पासून तिकडे पिच पण झाकतात, त्यामुळे तुलना सरळ नाही. पण २१६ विकेट म्हणजे काय याचा विचार करा. शनिवारी मॅच सुरू, रविवारी सुट्टी, सोमवार-मंगळवार तीच मॅच, मंगळवारी रात्री ट्रेन, बुधवारी दुसऱ्या गावात टॉस, शुक्रवारपर्यंत ती मॅच, परत ट्रेन. मधल्या काळात टेस्ट. यात रोज पाऊस पडून ऊन येतं का? नाही ना. बहुतेक दिवस कोरडे, सपाट, कंटाळवाणे. ओव्हर टाकत राहायच्या. आपल्याकडे ऑफिसात पाट्या टाकणं म्हणतात ना, तसं करायला इथे पूर्ण मुभा होती, कोणी काही म्हणालं नसतं. या माणसाने दहा वर्षं पाट्या टाकल्या नाहीत. दोन म्हाताऱ्यांनी त्या खोलीत जे ब्रश मांडले होते ते तो डोक्यात रोज मांडत राहिला.

आणि मार पण खाल्ला हो. १९३५ ला शेफील्डला साउथ आफ्रिकेच्या जॉक कॅमेरॉनने त्याला एका ओव्हरमध्ये तीस धावा मारल्या, तीन चौके, तीन छक्के. ओव्हर संपल्यावर विकेटकीपर आर्थर वुड त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, "हेडली, तू त्याला पार बुचकळ्यात टाकलंयस बघ. तुला चौका मारू की छक्का, हेच त्याला ठरवता येईना." यॉर्कशायरच्या लोकांचा विनोद असा, आपल्या कोल्हापूरकडच्या माणसांसारखा, तोंडावरची रेष हलत नाही.

टेस्टबद्दल भराभर सांगतो कारण त्यावर आधीच खूप बोललं गेलंय. बॉडीलाइनच्या दौऱ्यावर, म्हणजे १९३२-३३ ला ऑस्ट्रेलियात इंग्लंडने मुद्दाम बॅट्समनच्या अंगावर बॉल टाकले त्या दौऱ्यावर, तो होता. लारवूड-व्होस एका बाजूने डोकी फोडतायत आणि दुसऱ्या टोकाने हा धावा अडवून बसलाय. ब्रॅडमनला टेस्टमध्ये त्याने आठ वेळा आऊट केलं, इतक्या वेळा दुसऱ्या कोणीच केलेलं नाही. आणि १९३४ ची लॉर्ड्स टेस्ट. इंग्लंड ४४०, शनिवारी संध्याकाळी ऑस्ट्रेलिया दोन बाद १९२, बिल ब्राऊन शतक करून नाबाद. शनिवार-रविवारात पाऊस झाला. सोमवारी ऑस्ट्रेलिया २८४ ला ऑल आऊट, फॉलोऑन फक्त सात धावांनी वाचवता आला नाही, आणि मग परत बॅटिंग करून ११८. व्हेरिटीच्या मॅचमध्ये पंधरा विकेट, त्यातल्या चौदा एकाच दिवशी, सोमवारी. त्या सात धावा झाल्या असत्या तर इंग्लंडला परत बॅटिंग करावी लागली असती आणि तोवर पिच सुकलं असतं. परत तेच, घड्याळ आणि ऊन. लॉर्ड्सवर इंग्लंडने अख्ख्या विसाव्या शतकात ऑस्ट्रेलियाला एवढं एकदाच हरवलं, नंतर थेट २००९ मध्ये.

आता आपला संबंध. १९३३ च्या डिसेंबरमध्ये भारतातली पहिली टेस्ट झाली ती मुंबईत, जिमखान्यावर. फोर्टातून जाताना आझाद मैदानाला लागून दिसतो तोच जिमखाना. समोर सी. के. नायडूंची टीम, लाला अमरनाथ पहिल्याच टेस्टमध्ये ११८. इंग्लंडचा कॅप्टन डग्लस जार्डिन, जो जन्माने मुंबईकर, १९०० साली इथेच जन्मला. त्या टीममध्ये व्हेरिटी होता. सिरीजच्या तीन टेस्टमध्ये २३ विकेट घेतल्या, मद्रासला एका डावात ७/४९, दुसऱ्यात आणखी चार. म्हणजे जिथे पाऊसही नाही आणि पिचही ओलं नाही, तिथे. त्यामुळे "हा तर ओल्या पिचवरचा वाघ" असं जे म्हणतात त्यांनी हा दौरा बघावा. जार्डिनवर त्याची एवढी भक्ती की धाकट्या मुलाचं नाव डग्लस ठेवलं. थोरल्याचं विल्फ्रेड. घराण्याचं ऋण असं फेडतात लोक.

याच भारत दौऱ्यात त्याची एका फौजी अधिकाऱ्याशी ओळख झाली, ग्रीन हॉवर्ड्स पलटणीचा आर्नल्ड शॉ. १९३८ ला युरोपात युद्धाची चिन्हं दिसायला लागली तेव्हा व्हेरिटी या शॉकडे गेला आणि म्हणाला, मला वाचायला काहीतरी द्या. लष्कराची मॅन्युअलं घेऊन आला आणि रिकाम्या वेळात ती वाचत बसायला लागला. इतर प्लेअर पत्ते खेळतायत, हा सैन्य कसं हलवायचं ते वाचतोय. मला यात काही विशेष वीरपणा वाटत नाही, मला त्यात तोच हॉटेलच्या खोलीतला माणूस दिसतो. काम येणार आहे ना, मग आधी समजून घेऊ.

युद्धात तो ग्रीन हॉवर्ड्सचा कॅप्टन झाला. पलटण रांचीला आली, तिथे त्याला डिसेंट्री झाली, मग इराण, सीरिया, इजिप्त, आणि जुलै १९४३ मध्ये सिसिली. कॅटानियाजवळच्या सपाट प्रदेशात रात्रीच्या अंधारात हल्ला करायचा होता. कंपनी उभ्या पिकातून पुढे सरकत होती, गोळीबारात पीक पेटलं, त्या उजेडात सगळे दिसायला लागले. व्हेरिटीच्या छातीत गोळ्या लागल्या. तशाही अवस्थेत तो माणसांना समोरच्या शेतघराकडे पुढे जात राहायला सांगत होता. पलटणीला मागे हटावं लागलं आणि तो तिथेच राहिला, सोबत त्याचा एक शिपाई. जर्मनांनी कैद केलं. तिथून इटलीत काझेर्ताला नेलं, आणि ३१ जुलैला तिथल्या हॉस्पिटलमध्ये तो वारला. वय ३८. त्याच वेळी बिल बोज, त्या हॉटेलच्या खोलीतला दुसरा पोरगा, इटलीतच युद्धकैदी होता. पुढे १९५४ ला इंग्लंडचा कॅप्टन आणि यॉर्कशायरचाच प्लेअर लेन हटन याची टीम बोटीने ऑस्ट्रेलियाला निघाली, बोट नेपल्सला थांबली, तेव्हा हटन आणि बोज काझेर्ताला जाऊन आले. हटनने कबरीवर यॉर्कशायरचा टाय ठेवला.

शेवटी एक मॅच राहिलीय, ती मी मुद्दाम मागे ठेवली. आता ऑगस्टच्या शेवटाला जाऊ, १९३९. होव्ह, ससेक्सचं मैदान, समुद्राजवळ. यॉर्कशायरने चॅम्पियनशिप आधीच जिंकलेली, दहा वर्षांत सातव्यांदा. युद्ध तोंडावर आलेलं, बाकी ठिकाणच्या मॅचेस रद्द व्हायला लागलेल्या. तरी ही मॅच चालू ठेवली, का? कारण ती ससेक्सच्या जिम पार्क्सची बेनिफिट मॅच होती. प्रोफेशनल प्लेअरला पेन्शन नाही, फंड नाही, वर्षानुवर्षं खेळल्यावर एक मॅच त्याच्या नावाने ठेवायची, तिची जी काही कमाई होईल ती त्याची म्हातारपणाची पुंजी. हिटलर येवो नाहीतर कोणी येवो, सहकाऱ्याची पुंजी बुडवायची नाही, म्हणून दोन्ही टीम खेळत राहिल्या.

पहिल्या डावांत ससेक्स ३८७, यॉर्कशायर ३९२. रात्री पाऊस पडला. १ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळी जर्मनी पोलंडमध्ये घुसल्याची बातमी आली, आणि होव्हला ऊन पडलं.

पिच सुकायला लागलं. व्हेरिटीने सहा ओव्हर टाकल्या, नऊ धावा दिल्या, सात विकेट घेतल्या. ससेक्स ऑल आऊट ३३. यॉर्कशायरने एक गडी गमावून ३० केल्या आणि मॅच संपली. त्याची १९५६ वी फर्स्ट क्लास विकेट होती ती. बॅगा भरल्या आणि सगळे एका बसमध्ये बसून उत्तरेकडे निघाले. देशात ब्लॅकआऊट त्याच संध्याकाळी सुरू झाला होता, रस्त्यावर एक दिवा नाही, खिडक्यांना काळे पडदे, आणि त्या अंधारात बस सावकाश लीड्सच्या दिशेने चाललेली.